बंडगर मॅडम आणि पोकळ डबे

बंडगर मॅडमबरोबर दुपारचं जेवण म्हणजे अर्धा व्यायाम होता. सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात आम्ही सहा जण एकत्र जेवायचो. मॅडम येण्याआधी चारचौघांसारखेच बसायचो. कुणी शेंगाचटणी पुढे सरकवायचं, कुणी भाजीचा डबा फिरवायचं. मॅडमनी दोन दिवस हे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी सहाही डबे टेबलावर ओळीनं मांडले.

"जिन्नस हलवायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "आपण हलायचं. भाकरी हातात घ्या आन् चालत ऱ्हावा."

तेव्हापासून आम्ही सहा जण टेबलाला प्रदक्षिणा घालत जेवू लागलो. मॅडम मधूनमधून मनगटावरचं घड्याळ बघायच्या. पूर्वी जेवायला पंचवीस मिनिटं लागायची, आता अकरा लागू लागली. वाचलेल्या चौदा मिनिटांचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून आम्ही आणखी एक फेरी मारायचो.

आमची इंटरनेट पुरवणारी छोटी कंपनी होती. शहरातल्या काही पेठा आणि आजूबाजूची थोडी गावं आमच्याकडे होती. मी तक्रारीचे फोन घ्यायचो. 'बघतो', 'सांगतो' आणि 'होऊन जाईल' या तीन उत्तरांवर माझी नोकरी चालली होती. कंपनी सुरवसे नावाच्या गृहस्थांची. त्यांना सगळे नुसतं 'मालक' म्हणायचे.

इंटरनेटवरून जे काही जातं ते लहान लहान पाकिटांत तोडून जातं, हे मला मॅडममुळे कळलं. ही पाकिटं आमच्याकडे चार काळ्या डब्यांतून जायची. एक डबा राखण करायचा, नको ते आत येऊ द्यायचा नाही. दुसरा शेकडो घरांना मिळून एक पत्ता वापरू द्यायचा. तिसरा गर्दी दोन वाटांवर विभागायचा. चौथा कुणाला किती वेग द्यायचा ते बघायचा. नवीन काम निघालं की नवीन डबा. तो यायला दोन महिने, आणि बसवायला पुण्याचा माणूस.

मॅडम मुलाखतीला आल्या त्या सांगोल्याच्या एसटीनं. साडी, पायात पांढरे बूट आणि काखेत पोत्यात गुंडाळलेला एक साधा कॉम्प्युटर. तंत्रनिकेतनात शिकवण्याचं त्यांचं कंत्राट संपलं होतं. मालकांनी नाव, गाव, अनुभव विचारायला सुरुवात केली, तर मॅडमनीच उलटा प्रश्न टाकला.

"ह्या डब्यांच्या आत काय असतंय, बघितलंय का तुमी?"

"आत?" मालक म्हणाले. "आत मशीन असतंय की."

"आत परोग्राम असतोय. त्येला पत्र्याचा झगा घातलाय, म्हणून तुमी त्येला साहेब म्हणायलाय. झगा काढा, त्योच परोग्राम मी ह्या माझ्या कॉम्प्युटरवर लिवते. डब्यापेक्षा हळू पळाला तर मी परत सांगोल्याला जाते."

मालकांना पैज आवडायची. त्यांनी मॅडमना ठेवून घेतलं.

तीन महिने मॅडम लिहीत होत्या. कशासाठी वाट बघत बसणं त्यांना जमत नसे. चहावाला अकराला यायचा. मॅडम साडेदहापासून दर मिनिटाला उठून दारात जायच्या आणि जिन्यात वाकून विचारायच्या, "आला का?" पुढे तो चहावाला बिचारा दहा पस्तीसलाच येऊ लागला. माझ्या तक्रारीही त्या एकेक घेत नसत. "मूठभर साचली की आणा, श्रीनिवासभाऊ. एकेकासाटी उठबस केली तर दिस उठण्याबसण्यातच जातोय." मी मूठ भरायची वाट बघायचो आणि त्या तेवढ्यात तीनदा येऊन विचारायच्या, "भरली का?"

मला वाटायचं, बाई जरा विक्षिप्तच आहे. नंतर कळलं की प्रोग्रामला जे शिकवत होत्या ते आधी स्वतःवर करून बघत होत्या.

चौथ्या महिन्यात त्यांनी चारही डब्यांच्या तारा काढल्या आणि टेबलाखालच्या त्या साध्या कॉम्प्युटरमध्ये खोचल्या. मी फोनजवळ जीव मुठीत धरून बसलो. दिवसभरात एकच तक्रार आली. शनिवार पेठेतल्या एका आजोबांचं म्हणणं होतं की पिक्चर फार लवकर सुरू होतो, चष्मा शोधायलाही वेळ मिळत नाही.

मालक खूश झाले, पण ती खुशी चारच दिवस टिकली. पाचव्या दिवशी सकाळी ते टेबलाखाली वाकून स्क्रीन बघत होते आणि एकदम ओरडले, "मॅडम, हे शंभर टक्के काय दाखवायलंय?"

"कॉम्प्युटर शंभर टक्के काम करायलाय."

"अहो, सकाळचे सात वाजलेत. गाव अजून तोंड धुवायलंय. नेट कोण वापरायलंय आत्ता?"

"कोण न्हाय."

"मग काम कसलं?"

"वाट बघायचं." मॅडमनी शांतपणे समजावलं. "साधा कॉम्प्युटर झोपतोय. पाकीट आलं की त्येची घंटी वाजती, मग उठतोय, डोळं चोळतोय, मग बघतोय. सेकंदाला लाखो पाकिटं आली तर उठण्यातच मरंल की त्यो. म्हणून माझा झोपतच न्हाय. सारखा दारात जाऊन इचारतोय, आलं का, आलं का, आलं का."

मालकांना दारात उभ्या मॅडम आठवल्या असाव्यात. ते मान डोलावून गेले. दुपारी मात्र एक टेबलफॅन घेऊन आले आणि तो कॉम्प्युटरकडे तोंड करून लावला. "कुणी एवढं वाट बघायलंय म्हटल्यावर," मला हळूच म्हणाले, "जिवाला लागतंय रे."

खरी अडचण निराळीच निघाली. जुने डबे मालकांनी विकून टाकले आणि लोखंडी मांडणी रिकामी झाली. बँकेचा माणूस आला, त्यानं विचारलं, "तुमची यंत्रसामग्री कुठे आहे?" मालकांनी टेबलाखाली बोट दाखवलं. बँकेचा माणूस वाकला, सरळ झाला आणि चहा न घेता गेला. त्यानंतर मालकांचे व्याही आले. त्यांनी रिकाम्या मांडणीकडे बघून मालकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चालायचंच. दिवस फिरतात."

मालकांना ते सहन झालं नाही. आठवड्याभरात त्यांनी एमआयडीसीतल्या एका कारागिराकडून पत्र्याचे चार डबे करून आणले. काळा रंग, मागे जाळी, पुढे लुकलुकणारे दिवे. आत काहीही नाही. दिवे गणपतीच्या आरासीतले उरलेले होते. त्यामुळे ते आधी डावीकडून उजवीकडे पळायचे, मग उजवीकडून डावीकडे, मग सगळे एकदम विझून तीनदा चमकायचे. टेबलावर त्यांनी जमिनीपर्यंत लोंबणारी जाड चादर घातली आणि खरा कॉम्प्युटर तिच्याआड गेला.

"मॅडम, रागावू नका," मालक म्हणाले. "लोकांना बघायला काहीतरी लागतंय."

"मला काय करायचंय?" मॅडम म्हणाल्या. "दिव्यांचा तेवढा वेग कमी करा. डोळं दुखत्यात."

पण डब्यांचा मान वाढतच गेला. बॅटरी आणली ती डब्यांना. वीज गेली की दिवे बंद पडता कामा नयेत, अशी मालकांची आज्ञा होती. टेबलाखालच्या कॉम्प्युटरला मॅडमनी स्वतःची जुनी बॅटरी जोडली. खंडेनवमीला डब्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. जुन्या डब्यांच्या देखभालीचं कंत्राट रद्द करायचं राहून गेलं होतं, म्हणून दर तीन महिन्यांनी एक माणूस बॅग घेऊन यायचा आणि या डब्यांवरची धूळ फुंकून जायचा. एकदा त्यानं दुसऱ्या डब्याचं झाकण काढलं. बराच वेळ आत बघत राहिला. मग झाकण लावलं आणि कागदावर लिहिलं, 'आतील स्थिती स्वच्छ. अडथळा नाही.'

मॅडमनी त्याला विचारलं, "आत काय दिसलं, भाऊ?"

"मॅडम," तो बॅग उचलत म्हणाला, "मला अजून चार ऑफिसं करायचीत."

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. मालकांचं वय झालं होतं, मुलगी दूर होती, त्यांना सगळं विकून मोकळं व्हायचं होतं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचे तीन पाहुणे बघायला येणार असं ठरलं. ते आले नेमके प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, आणि त्याच दिवशी सकाळी दहाला आमचं नेट रांगू लागलं.

माझे फोन थांबेनात. एक बाप अक्षरशः रडत होता. पोरीचा फॉर्म अर्ध्यात अडकला होता आणि संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती. मॅडमनी टेबलाखाली बसून अर्ध्या तासात दुखणं शोधलं. गावातल्या कितीतरी दुकानांनी स्वस्तातले कॅमेरे बसवले होते. कुणीतरी लांबून त्या सगळ्यांचा ताबा घेतला होता आणि ते कॅमेरे वेड्यासारखी पाकिटं बाहेर ढकलत होते.

"सगळी एकाच मापाची हायेत," मॅडम म्हणाल्या. "बासष्टची. मधी एक नवा नियम उभा करायचा, बासष्टचं दिसलं की गचांडी. रांग थांबवायची बी गरज न्हाय. तेवढ्यासाटीच तर सगळं असं लिवलंय."

एवढ्यात जिन्यात पाहुण्यांचे आवाज आले. मालक धावत आत आले. "मॅडम, टेबलाखालून निघा! डब्यापुढे बसा!"

"आवो, पण नियम..."

"डब्यापुढे बसून करा!"

मालकांनी खुर्ची डब्यांपुढे ओढलीसुद्धा. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "श्रीनिवासभाऊ, तुमी आत शिरा. मी सांगती तसं टायपा."

मी चादरीखाली शिरलो. आत कॉम्प्युटर, स्क्रीन, टेबलफॅन, माझा फोन आणि मी. मॅडम डब्यांसमोर खुर्चीवर बसल्या. मांडीवर एक कीबोर्ड, त्याची तार दुसऱ्या डब्याच्या मागे नुसतीच खोचलेली. पाहुणे आत आले आणि मला चादरीच्या फटीतून सहा बूट दिसू लागले.

"गर्दीचा दिवस आहे," मालक त्यांना सांगत होते. "आमच्या मॅडम आता डब्याला नवीन काम शिकवणार."

मॅडमनी रिकाम्या डब्याकडे बघून मोठ्यानं सुरुवात केली. "नवीन ओळ. लांबी. बराबर. बासष्ट." मी टायपत गेलो. घाम डोळ्यांत जात होता. नियमाच्या शेवटी दोनच शब्द असायचे, एक पुढं जाऊ देणारा आणि एक फेकून देणारा. मला दोन्ही येत होते.

"बासष्टवाली," मॅडम म्हणाल्या, "सोड. बाकीच्यांचं त्येच्या उलटं."

मी 'सोड' म्हणजे जाऊ दे असं समजलो. गेट सोडतात, पाणी सोडतात, तसं. बासष्टची पाकिटं जाऊ द्यायला सांगितलं, बाकी सगळी फेकायला सांगितलं आणि बटण दाबलं.

माझा फोन एकदम गप्प झाला. तोही नेटवरूनच चालायचा. अर्ध्या सोलापुरात त्या क्षणी फक्त ते कॅमेरे चालू होते.

"अरे, नेट गेलं," एक बूट म्हणाला.

मग मॅडमचा आवाज आला, सांगोल्याच्या माळावर पार पलीकडे पोचेल असा. "आरं, सोड म्हंजी टाकून दे! टाकून! बासष्टवाली टाक, बाकीची जाऊ दे!"

"टाकून दे!" मालकही डब्यावर ओरडले. त्यांना काहीच कळलं नव्हतं, पण त्यांनी दुसऱ्या डब्यावर थापही मारली.

मी दोन शब्दांची अदलाबदल केली. फोन लगेच वाजला. तोच बाप होता. चादरीखालूनच घेतला. "साहेब," तो म्हणाला, "गेला. फॉर्म गेला!"

बाहेर पाहुणे थक्क होऊन उभे होते. "हा डबा आवाजावर चालतो?" त्यांच्यातल्या वयस्कानं विचारलं.

"मराठीवर," मालक म्हणाले.

सौदा त्याच दिवशी ठरला. दुसऱ्या दिवशी तो बाप पेढे घेऊन आला, दोन पिशव्या. मालकांनी त्यातला एक दुसऱ्या डब्यापुढे ठेवला. ते खाली गेल्यावर मॅडमनी तो उचलला, अर्धा तोडून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "डब्याला साखर आसंल. त्येला नको."

पंधरा दिवसांनी टेंपो आला. चारही डबे थर्माकोलमध्ये बसवून पुण्याला गेले. सोबत मॅडमना एक पत्र आलं. यंत्रसामग्रीची देखभाल यापुढे पुण्यातून होणार असल्यानं आपल्या सेवेची गरज उरलेली नाही. मॅडमनी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि मालकांच्या खोलीत गेल्या.

"मालक, त्यास्नी खरं सांगितलं का?"

मालकांनी खाली बघितलं. "सांगणार होतो. रोज सांगणार होतो. आणि मग ते विचारायचे, डबा कसाय, आणि माझ्या तोंडून निघायचं, मस्तय." मग म्हणाले, "मॅडम, माझी चूक झाली."

त्या दिवशी जेवताना मॅडमनी घड्याळ बघितलं नाही.

सोमवारी मी ऑफिस उघडलं तर मॅडम जिन्यात उभ्या. मंगळवारीही. पाच आठवडे त्या बिनपगारी येत होत्या. टेबलाखाली वाकून बघायच्या, कुठे काय अडलंय ते सोडवायच्या, संध्याकाळी जायच्या.

"कशाला येता, मॅडम?" मी एकदा विचारलं. "त्यांनी तर काढलंय तुम्हाला."

"मला काढलंय. पाकिटं थांबली का? त्ये कुणाचं तरी हाय की, श्रीनिवासभाऊ. कुणाचा फॉर्म, कुणाचा रिपोर्ट. माज्या हातात दिलंय त्येंनी, त्यास्नी म्हाईत नसलं तरी." एवढं बोलून त्या चादरीआड गेल्या. नाक ओढल्याचा आवाज आला, मग बटणांचा.

तिकडे पुण्यात चारही डबे काचेच्या खोलीत लुकलुकत होते. इकडे नेट झकास चालत होतं, म्हणजे डबे झकास चालले होते. पाचव्या आठवड्यात पुण्याच्या लोकांना एक नवीन नियम घालायचा होता. ते डब्याशी बोलले. डबा ऐकेना. मग मला फोन आला.

"तुम्ही डब्याशी कोणत्या बोलीत बोलायचात?" पलीकडून अगदी गंभीरपणे विचारलं. "आमच्या पुणेरीला प्रतिसाद देत नाहीये."

मी 'बघतो, सांगतो' म्हणून फोन ठेवला. दोन दिवसांनी त्यांनी झाकण उघडलं. आत काही नाही म्हटल्यावर त्यांनी एकच निष्कर्ष काढला. वाटेत कुणीतरी आतला माल चोरला. संशय मॅडमवर, कारण डब्यांची खडान्‌खडा माहिती त्यांनाच होती.

चौकशीला एक चष्मेवाली इंजिनिअर बाई आली. हातात फाइल, कपाळावर आठ्या. "आतलं सामान कुठे गेलं?"

"आत कदी न्हवतंच," मॅडम म्हणाल्या.

"हे बघा, पोलिसांत जाण्याआधी..."

"ताई," मॅडम म्हणाल्या, "जरा वाका." आणि त्यांनी चादर वर उचलली.

इंजिनिअर बाई वाकली. मग गुडघ्यांवर बसली. मग फाइल बाजूला ठेवून तिनं मांडीच घातली. ती स्क्रीनवर एकेक ओळ वाचत होती आणि आम्ही उभे होतो. दुपार झाली, जेवण राहिलं. मध्येच ती हसली. मध्येच कपाळावर हात मारून "अरे देवा" म्हणाली. चारला तिनं मान वर केली, तेव्हा आठ्या गेल्या होत्या.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"एकटीनं?"

"चहा ह्येंनी दिला," मॅडम माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

मग त्या दोघी टेबलाखालीच बसून बोलू लागल्या. मराठीतच, पण मला एक अक्षर कळलं नाही. मॅडम हातवारे करत होत्या, ती बाई मध्येच तोडत होती, मॅडम तिला खोडत होत्या. दोनेक वर्षांत मॅडमना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. त्यांच्याशी त्या विषयावर बोलू शकणारं माणूस पहिल्यांदाच त्या खोलीत आलं होतं. आम्ही सगळी वर्षं नुसते टेबलाभोवती फिरलो.

चौकशी तिथेच मिटली. पुण्याच्या कंपनीनं चूक कबूल केली नाही, पण टेबलाखालच्या कॉम्प्युटरला रीतसर खोली दिली आणि तो सांभाळायला दोन माणसं नेमली. मॅडमना पुण्याला बोलावलं. त्या गेल्या नाहीत, आई थकली होती. त्या इंजिनिअर बाईनंच मग परदेशातल्या कुणाशी तरी त्यांची गाठ घालून दिली आणि मॅडम गावी बसून तिकडचं काम करू लागल्या.

मागच्या वर्षी सांगोल्याकडे एका लग्नाला गेलो होतो. परतताना हाताशी वेळ होता, म्हणून बसमधून त्यांच्या गावाच्या फाट्यावर उतरलो. बंडगर मॅडमचं घर विचारलं, तर एका बाईनं आभाळाकडे बोट केलं. माळावर गावाची पाण्याची टाकी आहे, उंच, सिमेंटची. टाकीच्या वर मॅडम उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, एका हातावर लॅपटॉप, कानाला वायर. गावात रेंज तेवढ्या एकाच ठिकाणी येते, असं ती बाई म्हणाली. "सकाळी चढती. मिटिंग असली की उतरत न्हाय."

मी खालून हात हलवला. मॅडमनी ओळखलं. हसल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि पंजा पसरून पाच मिनिटं थांबा अशी खूण केली. मी थांबलो. पाचाची वीस झाली आणि माझी पुढची बस लांबून धुरळा उडवत येताना दिसली. मी बसकडे बोट दाखवलं. त्यांनी जा, जा असा हात केला आणि तेवढ्यात त्यांचं पलीकडचं बोलणं तुटलं असावं.

बस सुटली तेव्हा त्या टाकीच्या कडेला येऊन, लॅपटॉप डोक्याच्याही वर धरून, साऱ्या माळाला विचारत होत्या, "आवाज येतोय का? हॅलो! माझा आवाज येतोय का?"

खाली ज्वारीत खुरपणाऱ्या एका बाईनं कंबर सरळ केली आणि ओरडून सांगितलं, "येतोय की गं! लई येतोय!"